बायकोच्या व्हिसाची रांग

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेला जायला बोटीत बसल्या, तेव्हा नवरा सोबत नव्हता. गोपाळराव मागून गेले, आणि ११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी मिळाली तेव्हा ते समारंभाला हजर होते. निघण्याआधी आनंदीबाईंना पुष्कळांना उत्तरं द्यावी लागली होती. नातेवाईक होते, शेजारीपाजारी होते, रस्त्यात टोमणे मारणारे होते. शेवटी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण करून आपण का जातो आहोत ते त्यांनी सांगून टाकलं. अमेरिकन सरकारला मात्र काही सांगावं लागलं नाही. नवरा-बायकोने एकामागून एक समुद्र ओलांडायचा, तर त्यासाठी कुठल्या खिडकीवर अर्ज नव्हता, तारीख नव्हती, मुलाखत नव्हती.

आज डोंबिवलीत, कोथरूडमध्ये, नागपुरात लग्न होऊन महिनोन्महिने आणि कधी वर्षानुवर्षं फोनवरच संसार करणाऱ्या मुली मी पाहते. घरचे त्यांची समजूत काढतात, ‘सरकारी काम आहे, वेळ लागायचाच.’ मला हे पटत नाही, म्हणून हा मागोवा. ही रांग पावसासारखी आपोआप आलेली नाही. ती कुणी लावली, कोणत्या साली लावली, कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लावली, हे कायद्यांच्या आणि खटल्यांच्या कागदांत सापडतं. वाट पाहणाऱ्या मुलीला निदान एवढं तरी माहीत असावं की तिच्या अर्जात काही कमी आहे म्हणून ती थांबलेली नाही.

या रांगेचं पहिलं टोक हाँगकाँगला आहे. ३ मार्च १८७५ रोजी अमेरिकेत पेज कायदा झाला. चीन-जपानकडून वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या बायकांना मज्जाव, असा त्याचा मजकूर. प्रत्यक्षात हाँगकाँगच्या अमेरिकन कॉन्सुलने प्रत्येक चिनी बाईची बोट सुटण्याआधी तपासणी करायची, असं ठरलं. कशासाठी चाललीस, तिकडे कोण आहे, लग्न झालंय का, वागणूक चांगली आहे का, असे प्रश्न. तिचा फोटो सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरावर पाठवला जाई, म्हणजे चढली तीच उतरली ना हे ताडून पाहता यावं. उतरल्यावर पुन्हा तीच उलटतपासणी. खरोखरीच्या बायकोकडेही आपण बायको असल्याचा कागद नसायचा, कारण चिनी खेड्यात लग्न लागायचं ते गावासमोर, कचेरीत नव्हे. पुष्कळ जणींनी हा अपमान नको म्हणून घरीच राहायचं ठरवलं, आणि अमेरिकेतल्या चिनी वस्त्या बिनबायकांच्या होत गेल्या. अमेरिकेचा व्हिसा अजून जन्मायचा होता. तरी परमुलखात बसलेला अधिकारी, फोटो आणि ‘तुमचं लग्न खरं कशावरून?’ ही शंका, असं आजच्या मुलाखतीचं सगळं सामान तिथे मांडून झालं होतं.

१८८२ साली चिनी मजुरांवर बंदी आली. दोन वर्षांनी आह मॉय नावाची तरुणी नवऱ्याबरोबर सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्याला लागली. नवरा आधीपासून तिथे मजूर होता. मायदेशी जाऊन, लग्न करून तो परत येत होता आणि त्याच्याकडे परतीचा दाखला होता. बायकोकडे कुठून असणार? कोर्टाने सांगितलं की मजुराची बायको ही मजूरच समजायची, आणि दाखला आहे तो एकट्या नवऱ्याचा. नवऱ्याने आत यावं, बायकोने परतीची बोट धरावी. पुढे १९०० साली सुप्रीम कोर्टाने व्यापाऱ्याच्या बायकोला दाखल्यावाचून यायची मुभा दिली. आणि २५ मे १९२५ला त्याच कोर्टाने एकाच दिवशी दोन निकाल दिले: चिनी व्यापाऱ्याची बायको येऊ शकते, अमेरिकन नागरिक असलेल्या चिनी माणसाची बायको येऊ शकत नाही. व्यापाऱ्याला चीनबरोबरच्या तहाचा आधार होता, नागरिकाला १९२४च्या नव्या कायद्याने आधारच ठेवला नव्हता. देशाचा नागरिक असणं हे व्यापारी असण्यापेक्षा कमी पडलं. कोणत्या नात्याने तुम्ही तिथे राहता यावर तुमच्या बायकोची वाट ठरते, हे सूत्र तेव्हापासून आजपर्यंत सुटलेलं नाही. पुढे आपल्याकडच्या घरांत ते कसं शिरलं ते येईलच.

त्याआधी आपली माणसं या रांगेत पहिल्यांदा कुठे उभी राहिली ते सांगते. ते कॅनडात. १९०८ साली कॅनडा सरकारने हुकूम काढला की येणाऱ्याने मायदेशातून सलग, मध्ये न थांबता प्रवास करून आलं पाहिजे. वाचायला निरुपद्रवी वाटतो. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट तिकीट मिळतच नव्हतं, आणि मिळू नये याचीही तजवीज केलेली होती. व्हँकुव्हरच्या गुरुद्वाराशी जोडलेले भाग सिंग आणि बलवंत सिंग हे दोघे बायका-मुलांना आणायला गावी गेले. थेट तिकीट नाही म्हणून हाँगकाँगपर्यंत आले आणि तिथे बोटीची वाट पाहत अडकले. अखेर जानेवारी १९१२मध्ये व्हँकुव्हरला पोचले, तर पुरुषांना उतरू दिलं, कारण ते आधीचे रहिवासी. बायकांना आणि मुलांना परत पाठवायचा हुकूम झाला. शीख समाजाने जामीन भरले, सभा घेतल्या, शिष्टमंडळं पाठवली. सरकारने शेवटी त्या बायकांना राहू दिलं, पण हा हक्क नव्हे तर कृपा आहे आणि याचा पायंडा धरू नये, असं बजावून. हक्काची मागणी केल्यावर सवलत हातावर ठेवायची, ही रीत तेव्हाची. हिंदी रहिवाशांच्या बायका-मुलांना रीतसर परवानगी १९१९ साली मिळाली, तीही महायुद्धात हिंदी फौजा लढल्यानंतर. तेव्हाही फार थोड्या जणी पोचल्या.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेवढीही मुभा नव्हती. १९१७च्या कायद्याने नकाशावर एक पट्टा आखला आणि त्यातल्या लोकांना बंदी घातली. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरिअल व्हॅलीत आणि युबा सिटीच्या आसपास शेतमजुरी करणारे पंजाबी तरुण तिथेच अडकून पडले. गावी गेलं तर परत येता येणार नाही आणि बायकोला आणता येणार नाही. काहींनी वर्षानुवर्षं नुसत्या मनीऑर्डरी पाठवल्या. काहींनी तिथल्या मेक्सिकन मुलींशी लग्नं केली. त्यांच्या मुलांची नावं स्पॅनिश आणि आडनावं सिंग. अमेरिकेत या घरांबद्दल कौतुकाने लिहिलं जातं, आणि कौतुक करावं अशीच ती घरं होती. मला मात्र होशियारपूर-जालंधरकडच्या त्या पहिल्या बायका आठवत राहतात, ज्यांची दखल कुणाच्याच इतिहासाने धड घेतली नाही. नवरा जिवंत, पत्र येतं, पैसे येतात, माणूस येत नाही. २ जुलै १९४६ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केलेल्या कायद्याने हिंदुस्थानला वर्षाला १०० जागा मिळाल्या आणि हिंदी माणसाला अमेरिकन नागरिक होण्याची वाट मोकळी झाली. तीस वर्षांत यातल्या किती जणींचं वय निघून गेलं असेल!

दरम्यान रांगेची जागाही बदलली होती. पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक अडवणूक व्हायची ती बंदरावर, माणूस दारात आल्यावर. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडवर १९१०पासून १९४०पर्यंत हे चाललं. नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं बसवून विचारायचे: घराला पायऱ्या किती, तांदळाचा डबा कुठे ठेवता, गल्लीतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं. उत्तरं जुळली नाहीत तर परत. तरी धक्क्यावर आलेल्या माणसाला वकील मिळे, कोर्ट मिळे, बाहेर ओरडणारे नातलग असत. १९१७ साली युद्धाच्या निमित्ताने व्हिसा आला आणि १९२४च्या कायद्याने तो पक्का केला. आता निवड होणार ती माणसाच्या स्वतःच्या देशात, कॉन्सुलच्या टेबलावर. नकार मिळाला तर तो हजारो मैलांवर, कोर्टाच्या नजरेआड. नवरा तिकडे, नकार इकडे. आजच्या जोडप्यांची अर्धी अगतिकता या एका बदलातून आली आहे असं माझं मत आहे.

तरीही धक्क्यावरचा एक मोठा खटला पुढे एका बायकोचाच झाला. एलेन क्नॉफ जर्मनीत जन्मलेली, हिटलरच्या काळात इंग्लंडला पळालेली, युद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या महिला पथकात काम केलेली. १९४८मध्ये तिने कुर्ट क्नॉफ या अमेरिकन माजी सैनिकाशी लग्न केलं. सैनिकांच्या परदेशी बायकांसाठी १९४५ साली खास कायदा झाला होता, हजारो जणी त्याखाली आल्या होत्या. १४ ऑगस्ट १९४८ला एलेन न्यूयॉर्कला पोचली आणि तिला एलिस आयलंडवर अडकवून ठेवण्यात आलं. कारण सांगितलं नाही. गुप्त माहिती आहे, ती उघड करता येत नाही, एवढंच. जानेवारी १९५०मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू घेतली: दारात उभ्या असलेल्या परदेशी माणसाला कायदेमंडळ देईल तेवढीच प्रक्रिया मिळेल, त्याहून जास्त मागता येणार नाही. वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरलं, संसद सदस्य पुढे आले, अखेर सुनावणी झाली तर हाती ऐकीव गोष्टींपलीकडे काही निघालं नाही. नोव्हेंबर १९५१मध्ये तिला प्रवेश मिळाला. एलेन सुटली, पण तिच्याविरुद्धचा निकाल कायद्याच्या पुस्तकात राहिला.

आता आपल्या घरांकडे येते. ३ ऑक्टोबर १९६५ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्यामुळे महाराष्ट्रातून डॉक्टर आणि इंजिनिअर अमेरिकेला जाऊ लागले. त्या कायद्यात नवरा-बायकोंचे दोन वर्ग होते. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराला संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराला आहे. त्याला दरवर्षी ठरावीक जागांतून नंबर लागेपर्यंत थांबायचं. पुढे १९७०च्या दुरुस्तीने एच व्हिसावर तात्पुरत्या कामाला आलेल्याच्या बायकोलाही सोबत यायची सोय झाली, ज्याला आपण सगळे एच-फोर म्हणतो. तिन्ही तरतुदी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी झाल्या. एकत्र ठेवल्या की काय होतं ते १९९०च्या दशकात दिसलं. तात्पुरत्या व्हिसावरचा मुलगा लग्न करून काही आठवड्यांत बायकोला घेऊन जायचा. नागरिक झालेल्याची बायको वर्षभरात पोचायची. आणि ज्याला त्या देशाने कायमचं राहायला बोलावलं त्या ग्रीन कार्डवाल्याची बायको चार-चार, पाच-पाच वर्षं माहेरी. या वर्गासाठी १९९०च्या कायद्याने वर्षाला साधारण ८८ हजार जागा ठेवल्या होत्या, साऱ्या जगाला मिळून, आणि त्यात मुलंही मोजायची.

ती नुसती भेटायला जाऊन आली असती, पण तेही नाही. टुरिस्ट व्हिसा मागायचा तर परत येण्याचा इरादा दाखवावा लागतो, आणि नवऱ्याने भरलेलं पिटिशन हाच कायम राहण्याच्या इराद्याचा पुरावा. जितक्या प्रामाणिकपणे अर्ज केला तितकं दार घट्ट लागतं. नवऱ्याने यायचं तर रजा दोन-तीन आठवड्यांची, आणि फार दिवस बाहेर राहिलं तर त्याच्याच ग्रीन कार्डला धोका. या काळात लग्नाच्या बोलण्यांत एक नवीनच चौकशी शिरली. मुलगा एच-वनवर आहे की ग्रीन कार्डवर? एरवी ज्याचा मान मोठा, ते ग्रीन कार्ड ऐकून मुलीचे वडील विचारात पडायचे.

याच कायद्यात एक बारीक कलम आहे, आणि त्यावर कितीतरी घरांचं सुखदुःख लटकलं. ग्रीन कार्ड हातात पडण्याआधी लग्न झालेलं असेल तर बायको नवऱ्याच्याच नंबरावर, त्याच तारखेने मागोमाग जाऊ शकते. ग्रीन कार्ड मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न झालं तर ती नव्या रांगेत, शेवटी. म्हणून ‘मुहूर्त डिसेंबरचा असू दे, पण रजिस्टर आत्ताच उरकून घ्या’ असा सल्ला वकिलाआधी मावशा-आत्या देऊ लागल्या. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. तेवढे दिवस मुलगा भारतात नसायचा, मग धावपळ. ज्यांना हे वेळेवर कळलं त्यांची चार वर्षं वाचली. ज्यांना नाही कळलं ती जोडपीही तितकीच एकमेकांची होती.

ब्रिटनची हकिगत वेगळी सांगायला हवी, कारण तिथे रांग हेच धोरण झालं. १९६२ साली राष्ट्रकुलातल्या कामगारांवर निर्बंध आले तरी त्यांच्या बायकांचा येण्याचा हक्क शाबूत होता. १९६९च्या कायद्याने तो काढून घेतला नाही. एवढंच म्हटलं की बायकोने आपल्या देशातल्या ब्रिटिश कचेरीतून दाखला घेऊन यावं. ढाका, इस्लामाबाद, दिल्ली, मुंबई इथल्या कचेऱ्यांत अधिकारी मोजके. मुलाखतीची तारीखच वर्ष-दोन वर्षांनंतरची मिळू लागली. हक्क आहे म्हणायला आहे, पण तो बजावायचा दिवस सरकारच्या हातात. सिल्हेटच्या खेड्यातली बाई तान्ह्या मुलाला घेऊन ढाक्याला जायची आणि तिला विचारायचे की घराला दारं किती, गोठ्यात जनावरं किती. नवऱ्याने लंडनहून दिलेलं उत्तर वेगळं निघालं की नकार.

या रांगेतूनच जानेवारी १९७९ची ती घटना घडली. वाग्दत्त वधूला तेव्हा आगाऊ दाखल्याची गरज नव्हती, लग्न झालेल्या बायकोला होती. हीथ्रोवर लग्नासाठी उतरलेली एक भारतीय शिक्षिका खरं तर आधीच लग्न झालेली असेल आणि रांग चुकवून आली असेल, असा संशय घेऊन तिची डॉक्टरकडून कौमार्य तपासणी करवण्यात आली. १ फेब्रुवारीला ‘गार्डियन’ने बातमी छापली आणि संताप उसळला, तपासण्या बंद झाल्या. हीथ्रोवरचा हा एकटा-दुकटा प्रकार असावा असं सांगितलं गेलं. पुढे संशोधकांनी सरकारी कागद उघडले तेव्हा दिल्ली आणि मुंबईतल्या ब्रिटिश कचेऱ्यांत अशा ऐंशीहून अधिक तपासण्या झाल्याचं निघालं. हे लिहिताना माझा हात जड होतो. या बायका आपल्याच शहरांत, व्हिसाच्या कचेरीत, नवऱ्याकडे जायला म्हणून गेल्या होत्या.

१९८०च्या दशकात परदेशी नवऱ्यांवर नवी अट आली: लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नव्हता हे सिद्ध करा. नसलेला हेतू सिद्ध कसा करायचा? तीन बायका स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या, कारण पुरुष आपल्या बायकांना आणू शकत होते आणि बायका नवऱ्यांना नाही. २८ मे १९८५ला त्या जिंकल्या. सरकारने भेद मिटवला, पण कसा? नवऱ्यांवरच्या अटी बायकांनाही लावून. ही मुख्य हेतूची अट जून १९९७मध्ये गेली. तिच्या जागी २०१२ साली मिळकतीची अट उभी राहिली, वर्षाला १८,६०० पौंड, आणि एप्रिल २०२४पासून २९,००० पौंड. मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट होती. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेला गोयंकार युरोपियन नागरिक म्हणून बायकोला मिळकतीच्या अटीशिवाय, फी न भरता आणू शकत होता. लेस्टरला जन्मलेला ब्रिटिश माणूस नव्हता आणू शकत. ब्रेक्झिटनंतर, २०२०च्या अखेरीस, नव्याने जाणाऱ्या गोयंकारांचीही ती वाट बंद झाली.

अमेरिकेत संशयाचं रीतसर यंत्र १९८६मध्ये बसलं. तिथल्या इमिग्रेशन खात्याने संसदेला सांगितलं होतं की अशा लग्नांपैकी ३० टक्के खोटी असतात. त्यावरून कायदा झाला: नव्या लग्नाच्या जोडीदाराला दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड, आणि मग दोघांनी मिळून अर्ज करून ते पक्कं करायचं. पुढे नॉर्थ कॅरोलिनातल्या एका भारतीय आडनावाच्या खटल्यात, मनवानी यांच्या, खात्यालाच कबूल करावं लागलं की त्या पाहणीला संख्याशास्त्राचा आधार नव्हता. आकडा गेला, कायदा राहिला. दोन वर्षं बायकोचं तिथलं राहणं नवऱ्याच्या सहीवर अवलंबून. मारहाण सोसणाऱ्या बायकांना त्यातून सुटायला आधी १९९०ची आणि मग १९९४ची दुरुस्ती यावी लागली.

ग्रीन कार्डवाल्यांच्या रांगेत तीन वर्षांहून जास्त ताटकळलेल्या जोडीदारांसाठी डिसेंबर २०००मध्ये अमेरिकेने ‘व्ही’ व्हिसा काढला. मात्र कायदा झाला त्या दिवसापर्यंत ज्यांचे अर्ज गेले होते तेवढ्यांनाच. ज्या मुलीचं पिटिशन जानेवारीत गेलं तिला काही नाही. नंतर जुलै २०१९मध्ये, कुणाचा नंबर लागला हे सांगणाऱ्या व्हिसा बुलेटिनच्या त्यांच्या रकान्यात तारखेऐवजी ‘सी’ अक्षर आलं, म्हणजे करंट. जवळजवळ चार वर्षं ती रांग कागदावर नव्हतीच, आणि एप्रिल २०२३मध्ये तारीख पुन्हा मागे गेली. पण मधली दोन वर्षं तरी कुणाला उपयोगी पडली? मार्च २०२०मध्ये कचेऱ्या बंद झाल्या, एप्रिलच्या आदेशाने ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांचे नवे व्हिसा थांबले, जूनच्या आदेशाने एच-वन आणि एच-फोरही. लग्नाला म्हणून आलेले मुलगे बोहल्यावरून उतरून इथेच अडकले आणि रात्री जागून तिकडच्या ऑफिसचं काम करू लागले.

आणि वाट पाहणाऱ्यांनी हे कसं निभावलं? पूर्वी निळी एरोग्रॅम, मग आधीच वेळ ठरवून केलेले ट्रंक कॉल, पुढे एसटीडी बूथ आणि फोन कार्डं, आता दिवसभर चालू ठेवलेला व्हिडिओ कॉल. तो भाजी चिरतो, ती ऑफिसची बस पकडते. या सगळ्याला आता एक दुसरं कामही लागलं आहे. खासगी बोलणं पुरावा म्हणून जपायचं. चॅटचे स्क्रीनशॉट, बोर्डिंग पास, एकमेकांना पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, साखरपुड्यापासूनचे फोटो तारखेनिशी, दोन्हीकडची माणसं दिसतील असे.

मराठी मुलीच्या फायलीत आणखी एक गाठ असते. जन्मदाखल्यावर कधी नावच नसतं, नुसती ‘मुलगी’. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मधलं नाव वडिलांचं. लग्नात ताटातल्या तांदळात लिहून ठेवलेलं नाव वेगळं, पत्रिकेत तेच. पासपोर्ट नवा काढला असेल तर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. आपल्याला यात एकच बाई दिसते. फाइल उघडणाऱ्या अधिकाऱ्याला तीन. मग स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र, गॅझेट, आई आणि मावशीची जबानी. पोलिसांचा दाखला म्हणजे पीसीसी काढलं, मेडिकल झालं, की त्यांची मुदत संपायच्या आत मुलाखत लागावी म्हणून देवाला हात जोडायचे. मुंबईची ही मुलाखत २०११पर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये व्हायची, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात, आणि भुलाभाई देसाई रोडच्या फुटपाथवर पहाटेपासून माणसं उभी असत. आता बीकेसीत होते. आत गेलेली मुलगी हसत बाहेर आली तर ठीक. हातात २२१-जीची चिठ्ठी असली तर प्रकरण अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंगमध्ये गेलं, आणि ते किती दिवस हे कुणी सांगत नाही.

या काळात नोकरी सोडू नये, असं मी प्रत्येकीला सांगते. ‘आज ना उद्या जायचंच आहे’ म्हणून राजीनामा देऊन बसलेल्या मुलीचे दिवस फार वाईट जातात. सासरी राहायचं की माहेरी याचाही निर्णय तिचा तिने घ्यावा. नवरा नसलेल्या घरात सून म्हणून वावरणं सोपं नसतं आणि माहेरी ‘अजून नाही का झालं?’ विचारणारे कमी नसतात. आणि एवढं थांबून शेवटी नकारच आला तर काय, तेही सांगते. लॉस एंजेलिसच्या सँड्रा मुन्योज स्वतः वकील, अमेरिकन नागरिक. नवरा एल साल्व्हाडोरचा. २०१५मध्ये त्याला तिथल्या कॉन्सुलेटने व्हिसा नाकारला. कारण विचारलं तर कायद्याच्या एका कलमाचा नुसता आकडा. टोळीशी संबंध असल्याचा संशय होता हे खटला केल्यावर कळलं. २१ जून २०२४ला सुप्रीम कोर्टाने बहुमताने ठरवलं की परदेशी जोडीदाराला देशात आणणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. निकालपत्रात आधार म्हणून एलेन क्नॉफचं प्रकरण आहे.

नकाराविरुद्ध दाद मागायची वाट अशी जवळजवळ बुजली आहे. दिरंगाईविरुद्धची अजून उघडी आहे. अर्ज अवाजवी काळ पडून असेल तर अमेरिकेतल्या फेडरल कोर्टात मँडॅमस मागता येतो. ‘व्हिसा द्या’ असं कोर्ट सांगत नाही. ‘काय तो निर्णय द्या’ एवढंच सांगू शकतं, आणि कधी कधी तेही नाकारतं. पण दावा दाखल झाला की पुष्कळदा सुनावणीआधीच फाइल हलते. वकिलाची फी मोठी असते, म्हणून त्याआधी नवऱ्याने आपल्या भागातल्या संसद सदस्याच्या कचेरीतून चौकशीचं पत्र पाठवावं. त्याला पैसे पडत नाहीत. आणि दरम्यान तो नागरिक झाला तर त्याच दिवशी नॅशनल व्हिसा सेंटरला सर्टिफिकेटची प्रत पाठवून प्रकरण नागरिकाच्या जोडीदाराच्या वर्गात बदलून घ्यावं. एक ध्यानात ठेवायचं: त्या वर्गात मूल आईच्या अर्जात आपोआप येत नाही. मुलाचं पिटिशन वेगळं भरावं लागतं, नाहीतर आईला व्हिसा मिळतो आणि मूल मागे राहतं.